सुरतेत उतार नाही

आमच्याकडची माणसं सुरतेला पोट भरायला जातात. मी गाडीचं दुखणं दाखवायला गेले.

माझं वय सत्तरीला टेकलंय. शाळा चौथीपर्यंत. गाडी मात्र चांगली चालवते. नवऱ्याने शिकवली. हौस म्हणून नाही, त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि भाजी बाजारात न्यायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून. आता तो नाही, गाडी आहे. डिझेलवर चालणारी, जुनी. साक्रीकडे आमचा मळा आहे, तो सडकेपासून बराच आत. एसटी सडकेवर थांबते आणि तिथपर्यंत माझे गुडघे पोचत नाहीत. गाडी आहे तोवर मी मळ्यात एकटी राहू शकते. गाडी गेली की मळाही गेला. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

दुखणं असं होतं. संध्याकाळी बरी उभी केलेली गाडी सकाळी चालू होईना. चावी फिरवली की पुढून नुसतं कट्-कट्. बॅटरीवाल्याने बॅटरी बदलली. नवीही मेली. त्याने स्टार्टर खोलला, पुसला, परत लावला. फरक नाही. त्याच सुमारास अ‍ॅक्सिलेटरची तार जड झाली. पाय उचलला तरी पेडल वर येईना. ती दुसऱ्या मिस्त्रीने बदलली. नवी तारही जड झाली. बॅटरीवाला म्हणे तार माझं काम नाही, तारवाला म्हणे बॅटरी माझं काम नाही. मी दोघांना चहा पाजत होते.

माझा मुलगा दिलीप सुरतेला पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या मिलमध्ये आहे. त्याचा फोन आला. घरात आम्ही अहिराणीच बोलतो, इथे बरंचसं मराठीत सांगते; 'आठे' म्हणजे इथे.

"माय, गाडी आठे लयी ये. जुन्या गाड्यासना मिस्तरी आठे भेटतस."

"आणि नाही झाली नीट तर?"

"नही व्हयनी ते भंगारमा देऊत. नि मग तू आठेच ऱ्हाय."

मी म्हटलं, बरं. नीट झाली तर मी गाडीत बसून परत, नाही झाली तर गाडी भंगारात आणि मी तुझ्याकडे. मग पुन्हा कटकट नको. तो म्हणाला, नको. असा आमचा सौदा झाला.

दहिवेल ते बारडोली

शेजारच्या सालदाराने धक्का मारून दिला आणि मी निघाले. डिझेलचं इंजिन एकदा चालू झालं की बॅटरी मेली तरी चालतं, पण बंद करायचं नाही. बंद केलंच तर उतारावर. म्हणून मी सगळी वाट उतार बघत गेले. लोक हॉटेल बघतात, मी सडक कुठे कललीय ते बघत होते.

कोंडाईबारीचा घाट उतरताना पेडल अडकलं. पाय काढला तरी गाडी धावतच राहिली. मी बुटाच्या टोकाने पेडल खालून वर ओढलं. हो, बूट. गाडी चालवताना मी दिलीपच्या बापाचे बूट घालते, चपलेने ब्रेक नीट दाबला जात नाही.

नवापूरच्या अलीकडे एक चांगला उतार मिळाला, तिथे थांबून चहा घेतला. चहा चांगला होता, आलं घातलेला. टपरीवाली बाई माझ्याच वयाची. तिने आधी गाडीत वाकून बघितलं.

"एकटीच?"

"हो."

"डायवर कुठंय?"

"मीच."

ती मागे जाऊन पुन्हा गाडीत बघून आली. तिला वाटलं मी कोणाला तरी लपवलंय. तेवढ्यात एका ट्रकवाल्याने नेमका माझ्यापुढे ट्रक लावला आणि तो जेवायला बसला. माझा उतार त्याच्या ट्रकखाली गेला. मी त्याला म्हटलं, भाऊ, ट्रक काढ. तो म्हणाला, बाई, बाजूने काढा ना, जागा आहे. त्याला कसं सांगणार की मला जागा नको, उतार हवाय? शेवटी सांगितलं. तो हसत हसत हात न धुताच उठला आणि त्यानेच मागून धक्का दिला. माझ्या काचेवर त्याच्या भाजीची पाच बोटं सुरतेपर्यंत राहिली.

गुजरात लागल्यावर सोनगड, व्यारा, पुढे सडक सरळ. दोन्ही बाजूंना ऊस आणि केळी. आमच्याकडे डोंगर उघडे, इथे सगळं भरलेलं. बघायला चांगलं आहे, पण नजर कुठे अडत नाही. बारडोलीपासून मला एक गोष्ट खटकायला लागली. सडक कुठेच कलत नव्हती. चलथाणला साखर कारखान्याचा मळीचा वास गाडीत शिरला, तेव्हाही मी डावी-उजवीकडे बघत होते. सुरतेत शिरले तेव्हा कळलं की हे अख्खं गाव परातीसारखं सपाट आहे. उतार आहे तो फक्त उड्डाणपुलाला, आणि तिथे पोलीस थांबू देत नाहीत.

उधना

दिलीप उधन्यात राहतो. गल्लीच्या तोंडाशी मी गाडी बंद केली आणि ती संपली. मिलची पाळी सुटली होती, धुळ्या-जळगावकडची पोरं घरी चालली होती. त्यांनी गाडी ढकलून कडेला लावली. एकाने विचारलं, "आते, गाव कोनतं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "अरे, मना मामानं गाव!" आणि गेला. मामाचं नाव सांगायला थांबला नाही.

दिलीपची खोली एकच आहे, वर पोटमाळा. तो, सून सुनंदा, नात पिंकी. तिघंही माझ्याशी चांगले वागले, तक्रार नाही. पण त्या खोलीत चार माणसं कधी एका वेळी जागी नसतात. दिलीपची रात्रपाळी असली की दिवसा तो झोपलेला. सुनंदा दारात बसून साड्यांवर खडे चिकटवते. नजर साडीवर, हातात चिमटा, बोलली तर खडा वाकडा बसतो. पिंकी शाळेतून येते आणि गुजरातीत धडा पाठ करते. माझ्याशी हिंदी बोलते. मी अहिराणीत विचारलं, ती हसली आणि आईला म्हणाली, "दादी क्या बोली?" मळ्यात मी एकटी असते, पण तिथे झोपलेल्या माणसासाठी भांडं हळू ठेवावं लागत नाही. इथे मी दिवसभर भांडी हळू ठेवत होते.

सुनंदाने माझ्यासाठी भिंतीतल्या फळीचा खालचा कप्पा रिकामा करून ठेवला होता. मी तिला सांगितलं, माझी पिशवी खालीच बरी आहे.

खाण्याचं सांगते. थंडीचे दिवस होते, तर दिलीप पोंक घेऊन आला. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच. आपण शेतात शेकोटीभोवती बसून कणसं भाजतो, तळहातावर चोळून फुंकर मारतो, तोंड काळं होतं. इथे तो दुकानात तराजूवर मिळतो. स्वच्छ, हिरवा, बरोबर शेव, लिंबू आणि साखरेचे दाणे. हुरड्याबरोबर साखर! मी साखर बाजूला काढली. हुरडा कोवळा होता, खोटं बोलणार नाही. पण फुंकर मारायला काही नव्हतं. तिघांनी आपापल्या वाटीत घेऊन खाल्ला.

लोचो नावाचा एक प्रकारही खाल्ला. खमण करायला घेतलं आणि बिघडलं तर जसं होईल तसा दिसतो. चवीला बरा आहे. वरणात मात्र गूळ घालतात. दिलीपलाही आता तेच आवडतं. ठेचा दिला तर त्याला ठसका लागला.

जयंतीभाईंचं दुकान

गाड्यांचं वायरिंग बघणाऱ्या जयंतीभाईंचं दुकान पांडेसऱ्याच्या रस्त्यावर आहे. दुकान म्हणजे एक पत्रा, एक बाक आणि छताला लोंबणाऱ्या वायरी. माणूस पन्नाशीचा, पोट मोठं, तोंडात सुपारी, आणि स्वतःवर फार खूश. गल्लीतल्या पोरांनी धक्का मारून माझी गाडी तिथे नेली.

"साथे कोण छे, मासी?" त्याने विचारलं. बरोबर कोण आहे?

"कोणी नाही. गाडी माझी आहे, दुखणं मला विचार."

"तमे चलावो छो?" तो बाकावरच्या माणसाकडे वळून म्हणाला, "जो, जो, शीख. तारी बैरी तो सायकल पर बी बीए छे." बाकावरच्या माणसाची बायको सायकललाही घाबरते, असं ते होतं. तो माणूस खाली बघायला लागला.

गुजराती मला बरीचशी समजते, सीमेलगतचं गाव आमचं. त्याला मराठीचं थोडं येत होतं, उरलं ते हिंदीत भागत होतं.

पहिल्या दिवशी तो म्हणाला, डायनॅमो गेला. खोलला, तर डायनॅमो चांगला निघाला. मग म्हणाला, चावीचा स्विच गेला. नवा घातला. कट्-कट्. मी बाकावर बसून होते. त्याच्याकडे एक छोटा बल्ब होता, दोन वायरी लावलेला. तो इकडे टोचायचा, तिकडे टोचायचा, बल्ब लागला की मान हलवायचा, नाही लागला तरी मान हलवायचा. मी विचारलं, लागला तर चांगलं की वाईट? तो म्हणाला, "मासी, कहां लगा उस पर है." एवढं मला समजलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला तारेचं सांगितलं. जुनी तार जड झाली, बदलली तर नवीही जड झाली. बॅटरीशी तिचा संबंध नाही म्हणून कोणी ऐकून घेतलं नव्हतं. जयंतीभाईचं तोंड चालायचं थांबलं. त्याने सुपारी थुंकली.

"अंदर बैठो. सेल मारो."

मी आत बसून चावी फिरवली. कट्-कट्. "ओर मारो." परत फिरवली. बॉनेटच्या मागून एक मोठी शिवी आली. मी उतरले तर तो बोट तोंडात घालून उभा. मला वाटलं, वैतागला. त्याने तार बघितली, खाली वाकून काहीतरी बघितलं, उजेड कमी होत चालला होता. तेवढ्यात एका टेम्पोवाल्याने बोलावलं. जाता जाता त्याने हात झटकले आणि म्हणाला,

"मासी, आमां अर्थ नथी. काल सवारे आवजो."

यात अर्थ नाही. उद्या सकाळी या.

अर्थ हा शब्द गुजरातीतही आपलाच आहे. मला तो समजला. उद्या या म्हणजे गाडी घेऊन जा, हेही समजलं. मी पिशवी उचलली आणि रिक्षात बसले.

घरी दिलीप पाळीला निघायच्या तयारीत होता. "काय सांगं?" त्याने विचारलं.

"त्यात काही अर्थ नाही म्हणाला."

 दिलीप म्हणाला, मिलजवळच्या भंगारवाल्याला मी सकाळी घेऊन येतो. मी म्हटलं, आण. सौदा माझाच होता. सुनंदाने हातातला चिमटा ठेवला आणि माझी पिशवी उचलून कप्प्यात ठेवली. मी या वेळी ती खाली काढली नाही. जेवायला खिचडी होती. पिंकीने विचारलं, "दादी अब यहीं रहेगी?"  तिने टीव्ही लावला.

त्या रात्री अंथरुणावर पडून मी मळ्याचा हिशोब लावला. म्हैस दिराकडे जाईल. कोंबड्या कोणीही नेईल. घराला कुलूप. बस्स, एवढंच निघालं. फार काही बांधाबांध नव्हतीच, आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

सकाळी मी दिलीप आणि भंगारवाला यायच्या आधीच दुकानात गेले. गाडीतलं सामान काढायचं होतं. जॅक, पाना, पाण्याची कळशी, मागच्या सीटवरची गोधडी. गोधडी काढतच होते तेवढ्यात जयंतीभाई आला.

"शुं करो छो?"

"सामान काढते. भंगारवाला येतोय."

"कोनी गाडी माटे?" कोणाच्या गाडीसाठी?

"माझ्याच. तूच म्हणालास ना, अर्थ नाही."

"हा तो! अर्थ नथी!"

"मग?"

"मग काय मग? अर्थ करके देगा ना मैं!"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तेवढ्यात दिलीप आणि भंगारवाला टेम्पो घेऊन आले. भंगारवाल्याच्या हातात साखळी. जयंतीभाई त्याच्या अंगावर धावला. "ए! मारी दुकान मां सांकळ लईने आवे छे? कोण मरी गयुं?" भंगारवाला दिलीपकडे बघायला लागला, दिलीप माझ्याकडे.

"माय, तो नेमकं काय म्हणाला होता?"

"यात अर्थ नाही म्हणाला."

"काही अर्थ नाही, की अर्थ नाही?"

मी आठवून बघितलं. 'काही' हा शब्द माझ्या पदरचा होता.

दिलीपने कपाळावर हात मारला. मिलमध्ये त्यांच्या यंत्रांनाही अर्थ असतो. त्याने मला सांगितलं ते असं. बॅटरीतून करंट निघतो, काम करतो, पण त्याला परत बॅटरीत यावं लागतं. त्या परतीच्या वाटेला वायरिंगवाले अर्थ म्हणतात, अर्थिंगमधला, इंग्रजी. आमच्या गाडीत इंजिनापासून गाडीच्या पत्र्यापर्यंत एक जाड पट्टी असते, ती ही वाट.

"ओर वो रास्ता बंद है," जयंतीभाई म्हणाला. "तो करंट किधर से जाता है? मासी, सेल मारो. नहीं, तुम नहीं. तुम इधर आओ. छोकरा, तू बैठ."

दिलीप आत बसला. जयंतीभाईने माझं बोट धरून अ‍ॅक्सिलेटरच्या तारेवर ठेवलं. दिलीपने चावी फिरवली. कट्-कट्, आणि माझं बोट भाजलं. मीही तीच शिवी दिली.

म्हणजे सगळा करंट त्या बारीक तारेवरून परत जात होता. तार तापायची, तिच्यावरचं कव्हर वितळायचं आणि तार आत चिकटायची. बॅटरीत परत पुरेसं काही पोचायचंच नाही, म्हणून बॅटरी मरायची. दोन दुखणी नव्हतीच. एकच होतं. त्याने एक जाड वायर घेतली, एक टोक इंजिनाला, दुसरं बॅटरीला धरलं. "मार." पहिल्या फटक्यात गाडी चालू झाली. भंगारवाल्याने साखळी खाली ठेवली आणि तो बघायला पुढे आला.

मग जयंतीभाई पट्टीचा नट खोलायला वाकला. नट निघाला, पट्टी बाजूला झाली, आणि तिच्याखाली पत्र्यावर चकचकीत निळा रंग.

"कोणे रंगावी?" त्याने विचारलं. रंगवली कोणी? "गधेडाए पट्टी काढून रंग मारला, ओर रंग के ऊपर पट्टी कस दी. रंग में से करंट जाता है क्या?"

गाडी रंगवली होती दिलीपने, त्याचा बाप गेल्यावर, सुट्टीवर आला होता तेव्हा. गिऱ्हाईक लवकर लागेल म्हणाला होता. मी तेव्हा विकू दिली नव्हती.  दिलीपच म्हणाला, "मी रंगवून घेतली."

जयंतीभाईने त्याच्याकडे बघितलं. "रंग सरस छे," तो म्हणाला. मग पॉलिश पेपर घेऊन त्याने तो रंग खरवडला, पत्रा उघडा पांढरा होईपर्यंत. पट्टी घासली, कसली, वर ग्रीस लावलं. तार नवीन घातली. भंगारवाल्याने चहा मागवला आणि तो पिऊन रिकामा टेम्पो घेऊन गेला.

गाडी मी स्वतः चालवत उधन्याला आणली. गल्लीत बंद केली, चावी फिरवली, चालू. बंद केली, चालू केली. उतार कुठेच नव्हता आणि मला नको होता.

परतीची वाट

दुसऱ्या दिवशी निघाले. सुनंदाने कप्प्यातून पिशवी काढून दिली, बरोबर भाकरी आणि तिळाची चटणी. पिंकी शाळेत गेली होती. कोणी राहा म्हटलं नाही. सौद्याप्रमाणे कटकट करायची नव्हती, आणि त्यांनी केली नाही. एकदा म्हणतील असं मला वाटलं होतं. म्हटलं असतं तरी मी नाहीच म्हणणार होते.

दिलीपची सुट्टी होती. तो म्हणाला, चलथाणपर्यंत येतो. वाटेत त्याने काच वर-खाली केली, दिवे लावून बघितले, हॉर्न वाजवला. साखर कारखान्याच्या अलीकडे उसाच्या गाड्यांची रांग लागली होती, तिथे तो उतरला. उतरून गाडीच्या मागे गेला.

"माय, ब्रेक दाब!"

मी दाबला.

"लागना! सोड!"

सोडला.

"दाब!"

दोन्ही लाल दिवे लागत होते, हे त्याला पहिल्याच वेळी दिसलं होतं. तरी तो दाब, सोड, दाब, सोड करत राहिला. मागून उसाचा ट्रक भोंगा वाजवायला लागला तेव्हा कुठे तो बाजूला झाला. हात वर केला. मी गिअर टाकला.

त्यानंतर ब्रेक दाबला की मागे दिवे लागतात की नाही, हे मला कळायला काही मार्ग नव्हता. तो दिवा चालवणाऱ्याला दिसत नाही, मागच्याला दिसतो. बारडोली, व्यारा, सोनगडपर्यंत माझ्यामागे ट्रक होते आणि कोणी धडकलं नाही, म्हणजे लागत असावेत. नवापूर गेलं, विसरवाडी गेली. कोंडाईबारीच्या घाटात पुढे लाकडाने भरलेला एक ट्रक रांगत चढत होता. त्याच्यामुळे मला सारखा ब्रेक दाबावा लागत होता. मी आरशात बघितलं. मागे कोणी नव्हतं.